हरिपाठ म्हणतात, पण चहा मागता येत नाही

मल्हारपेठजवळच्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून देत नाही. मजकूर थोडक्यात असा:

"आमचे हे एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं कराड-चिपळूण गाडीवर. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. तीन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय आता बराच सुधारलाय, काठी घेऊन चालतात. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. दिवसभर 'हो, हो' आणि 'ते... ते...' एवढंच. पण संध्याकाळी देवळात नेलं तर सगळ्यांबरोबर हरिपाठ म्हणतात, आणि राग आला की शिवी अगदी स्पष्ट येते. म्हणून माझे दीर म्हणतात, दादाला सगळं येतंय, मुद्दाम करतोय. कराडला आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीला नेते. एका वेळचे पाचशे रुपये घेतात आणि बालवाडीसारखी चित्रं दाखवतात. मुलगा म्हणतो, हे बंद करू, त्यापेक्षा चांगला मालिशवाला बघू. शेजारच्यांनी जिभेला वेखंड चोळायला आणि तोंडात सुपारी धरून बोलायला सांगितलंय. पाटी-पेन्सिल दिली तर लिहीतही नाहीत. त्यात दीरांनी जमिनीच्या वाटणीचे कागद आणलेत, 'दादा हो म्हणाला' म्हणतात. बाकी तब्येत ठीक आहे, चहा-पाणी पिताना तेवढा ठसका लागतो. मी काय करू?"

ताई,

एवढ्या सगळ्यात मला सर्वांत जास्त घोर लागला तो तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ठसक्याचा. आधी तेवढं बोलून घेऊ, बाकीचं नंतर.

घास किंवा घोट गिळताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर मिटतं. झटक्यानंतर ही वेळ चुकू लागते. पाणी, चहा, ताक हे पातळ पदार्थ घशात भराभर उतरतात, म्हणून आधी तेच चुकीच्या वाटेला जातात. असं थोडं थोडं फुप्फुसात जात राहिलं तर न्यूमोनिया होतो, आणि झटक्यातून वाचलेली माणसं पुढे दगावतात त्याच्या मोठ्या कारणांत हा न्यूमोनिया आहे. काहींना तर ठसकाही लागत नाही. पाणी पिऊन झाल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येतो, जेवायला तास-तास लागतो, वजन उतरतं, मधूनच कारण न कळणारा ताप येतो. यातलं काही दिसतंय का ते बघा, आणि पुढच्या भेटीची वाट न बघता उद्याच थेरपिस्टला फोन करून ठसक्याचं सांगा. ताप किंवा धाप असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. गिळणं तपासणं हे स्पीच थेरपिस्टचंच काम आहे. आपल्याकडे हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. 'स्पीच' म्हणजे फक्त बोलणं असं वाटून घरचे ठसक्याचं त्यांच्याकडे काढतच नाहीत. थेरपिस्ट गरजेप्रमाणे मोठ्या रुग्णालयात एक्स-रेखाली किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून तपासायला सांगतील आणि पाणी थोडं दाट करून द्यायचं की कसं ते ठरवून देतील. ते आपल्या मनाने करू नका.

तोवर: आडवं असताना पाण्याचा घोटसुद्धा नको. खुर्चीत ताठ बसवा, हनुवटी वर करून तोंडात ओतू नका, लहान घोट द्या, एक उतरला की दुसरा. जेवताना टीव्ही बंद, गप्पाही बंद. दुधात कुस्करलेली भाकरी आपल्याला सोपी वाटते, पण त्यात पातळ आणि घट्ट एकाच वेळी सांभाळावं लागतं, ते अशा माणसाला अवघड जातं. त्यापेक्षा एकजीव मऊ भात-वरण बरं. जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहू द्या. आणि दोन्ही वेळा दात, जीभ, उजव्या गालाच्या आतली बाजू स्वच्छ करा. त्या बाजूला घास अडकून राहतो आणि त्यांना तो जाणवत नाही.

म्हणूनच सुपारी अजिबात नको. ज्याला घोट सांभाळता येत नाही त्याच्या तोंडात सुपारी म्हणजे घशात अडकायला निमंत्रण. वेखंड, मध, जिभेखालची तार कापणं, यातलं काहीच लागू पडत नाही, कारण दुखणं जिभेचं नाही. मालिशने हाता-पायाला बरं वाटत असेल तर जरूर करा. शब्द त्याने येणार नाहीत.

आता दिरांचं म्हणणं. ते काही दुष्टपणाने म्हणत असतील असं मला वाटत नाही. हरिपाठ खणखणीत म्हणणारा माणूस घरी येऊन 'पाणी' म्हणू शकत नाही, हे बघणाऱ्याला नाटकच वाटतं. स्पीच थेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या घरांत हा संशय कोणीतरी घेतलेला असतोच. पण ते नाटक नाही, आणि ते कसं हे तुम्हाला पक्कं माहीत असायला हवं, कारण घरात तुम्हालाच सांगावं लागणार.

बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, आणि डावा मेंदू उजवं अंग चालवतो. म्हणून उजवी बाजू जाते तेव्हा बोलणंही जाण्याची भीती जास्त. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेझिया म्हणतील. यात काय म्हणायचंय ते माणसाला ठाऊक असतं. शब्द हाती लागत नाही, लागला तर तोंड त्याचे आवाज नीट जुळवत नाही. नवं वाक्य मनात रचून बोलणं हे सगळ्यात अवघड. पण जे हजारो वेळा म्हणून म्हणून ठसलंय, ते मेंदू दुसऱ्या वाटेने बाहेर काढतो: एक ते दहा आकडे, वारांची नावं, आरती, हरिपाठ, 'रामराम', आणि हो, शिव्यासुद्धा. त्या रचाव्या लागत नाहीत, निसटतात.

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका नावाच्या शल्यविशारदाकडे असाच एक पेशंट आला. काहीही विचारा, उत्तर 'तान, तान'. रुग्णालयात त्याचं नावच तान पडलं होतं. सांगितलेलं त्याला बरंचसं कळायचं, हातवाऱ्यांनी तो उत्तरं द्यायचा, आणि समोरच्याला आपलं म्हणणं समजलं नाही की चिडून देवाच्या नावाने शिवी हासडायचा. ती मात्र स्पष्ट! काही दिवसांत तो वारला. ब्रोकांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. मेंदूतल्या त्या जागेला आजही ब्रोकांचंच नाव आहे. दिरांना ही गोष्ट सांगून बघा.

पाटीचंही तेच. बोलता येत नाही तर लिहून दाखवेल, असं सगळ्यांना वाटतं. पण वाचाघातात ज्या भाषेला धक्का बसतो तिच्यातूनच लिहिणं येतं, वाचणंही येतं. त्यातून उजवा हात गेलेला. आयुष्यभर तिकिटं फाडून हिशोब जुळवलेल्या माणसाला आपलं नाव लिहिता येऊ नये, याची त्यांना स्वतःला किती लाज वाटत असेल. पाटी सध्या उचलून ठेवा. थेरपिस्ट सांगतील तेव्हा डाव्या हाताने सुरुवात होईल.

आता पाचशे रुपयांची चित्रं. तुमच्या मुलाचा राग मला कळतो. कराडला जायचं-यायचं भाडं आणि तुमचा बुडणारा दिवस धरला तर खर्च पाचशेवर थांबत नाही. पण पुढच्या वेळी मुलाला बरोबर न्या, त्याला आत बसू देता का विचारा, आणि चित्रापेक्षा थेरपिस्टकडे बघायला सांगा.

समजा कपाचं चित्र ठेवलंय. ती लगेच नाव सांगत नाही, थांबते. त्यांना सुचलं नाही तर विचारते, "हे कुठे असतं? स्वयंपाकघरात की अंगणात? यातून काय पितात?" तरी नाही, तर "गरम गरम चहा एक..." असं वाक्य अर्धं सोडते. तरीही नाही, तर फक्त ओठांनी 'क' दाखवते. मग शेवटी शब्द स्वतः म्हणते आणि त्यांच्याकडून म्हणून घेते. कोणत्या पायरीला शब्द आला ते ती वहीत टिपते, कारण पुढच्या भेटीत त्याच्या एक पायरी आधी शब्द यावा असा तिचा प्रयत्न असतो. सांगणारा माणूस 'कप'ऐवजी 'बशी' म्हणाला तर घरचे हिरमुसतात, मी मात्र खूष होते: तो योग्य घराच्या दारापर्यंत पोचलाय, फक्त शेजारचं दार वाजवलंय. 'बशी' म्हणणारा आणि 'टबक' असं काहीतरी बिनअर्थाचं म्हणणारा, दोघांची अडचण निराळी आणि दोघांचा व्यायामही निराळा. आणि ज्याची भाषा शाबूत आहे, नुसती जीभ-ओठ लुळे पडून उच्चार बोबडे झालेत, त्याचं काम तर पूर्णच वेगळं. सुरुवातीला दोन-तीन भेटी 'नुसते प्रश्न विचारण्यात' जातात त्या हेच ओळखायला.

एक गोष्ट मात्र तुम्ही थेरपिस्टला हक्काने सांगा. सफरचंद, विमान, हत्ती अशी छापील चित्रं नकोत, किंवा तेवढीच नकोत. घरातल्या वस्तूंचे आणि माणसांचे फोटो मोबाइलवर काढून न्या: त्यांचा चष्मा, काठी, गोठा, नातवंडं, देऊळ, चहाचं पातेलं. ज्या वीस-पंचवीस शब्दांवाचून त्यांचा दिवस अडतो, त्यांची यादी तुम्ही करा. चांगली थेरपिस्ट अशी यादी मागूनच घेते. तुमच्याकडची अजून मागितली नसेल तर तुम्ही द्या, ती नाही म्हणणार नाही.

आणि त्यांची कंडक्टरकी वाया घालवू नका! ज्या स्टॉपची नावं त्यांनी वर्षानुवर्षं ओरडून सांगितली ती हरिपाठासारखीच ठसलेली असणार. तुम्ही त्यांच्याबरोबर सुरू करा, "कराड... मल्हारपेठ..." आणि थांबा. 'पाटण' आपोआप आलं तर पुढे "कोयनानगर" तुम्ही म्हणा आणि 'चिपळूण' त्यांच्यावर सोडा. आठवडाभर हे जमलं की मग नुसता पाटणचा फोटो दाखवा आणि विचारा, "हे कुठलं?" ओघात आलेला शब्द असा हळूहळू ओघातून सुटा करून हातात द्यायचा असतो. हे नीट ऐका, कारण इथेच बरेच जण थांबतात. नुसता रोज हरिपाठ म्हणवून बोलणं येत नाही. देवळात जरूर न्या, तिथे त्यांना चार माणसांत असल्यासारखं वाटतं, ते मोलाचं आहेच. पण अभंगातून चहापर्यंत यायला मुद्दाम पूल बांधावा लागतो. १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टर-थेरपिस्टांनी याचीच एक रीत मांडली: रोजचं छोटं वाक्य दोन सुरांत, डाव्या हाताने ताल धरून म्हणायचं, "पा-णी ह-वं", आणि सूर हळूहळू काढून घ्यायचा. सगळ्यांना ती लागू पडत नाही. ज्यांना कळतं बऱ्यापैकी पण बोलणं जवळजवळ बंद आहे, त्यांच्यावर करून बघण्यासारखी आहे. भजनात रमणाऱ्या माणसासाठी तर मी नक्की विचारलं असतं.

फरक किती पडेल? बोलणं पूर्वीसारखं होईल असं वचन कोणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते, म्हणून आत्ता थेरपी सोडणं हे सगळ्यात वाईट वेळी सोडणं होईल. पण तीन किंवा सहा महिन्यांनी दार बंद होतं हेही खरं नाही. वर्ष-दोन वर्षांनीही माणसं नवे शब्द कमावतात. वाचाघातावरच्या जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आढावा काढला. थेरपीने माणसाच्या रोजच्या संवादात, वाचण्यात आणि बोलण्यात फायदा होतो, असं त्यात दिसलं. मालिकांमधला नायक मात्र शेवटच्या भागात मुलीच्या लग्नात एकदम "थांबा!" म्हणून ओरडतो. तसं मी अजून पाहिलेलं नाही. इथे 'ते... ते...'चं 'चा' होतं, 'चा'चं 'चहा', आणि मग कधीतरी 'चहा नको'.

पैशाचं अगदीच जड जात असेल तर आठवड्यातली एक भेट व्हिडिओ कॉलवर होईल का विचारा, प्रवास वाचेल. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही चौकशी करा, कान-नाक-घसा विभागात वाचा-श्रवण तज्ज्ञ असले तर खर्च बराच कमी येतो. कुठेही गेलात तरी त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का एवढं विचारा. चार वर्षांची पदवी केलेल्या माणसाला तो नोंदणी क्रमांक असतो आणि विचारलेलं त्याला लागत नाही.

पण ताई, आठवड्यातले दोन तास कराडचे, बाकीचे सगळे तुमच्या घरातले. खरं काम तिथेच होतं, आणि ते बिनपैशाचं आहे.

त्यांच्याशी बोलताना समोर बसा, एका वेळी एकानेच बोला. ऐकू येतंय, मोठ्याने ओरडू नका. वाक्य छोटं ठेवा, पण सूर लहान मुलाशी बोलल्यासारखा नको. ते घरातले मोठे आहेत. "काय खाणार?" असं मोकळं विचारण्यापेक्षा दोन वस्तू हातात धरा: "भाकरी की भात?" मग थांबा. मनातल्या मनात दहा म्हणा. हे थांबणं फार कठीण आहे, विशेषतः चुलीवर दूध असताना. पण त्यांचा शब्द वाटेवर असतो, आणि आपण मध्येच आपला घातला की तो परत फिरतो. बोट दाखवलं, मान हलवली, हवेत आकार काढला, तरी ते बोलणंच धरा. "तोंडाने सांगा, त्याशिवाय देणार नाही" हा हट्ट कोणी धरत असेल तर बंद करा. त्याने शब्द येत नाहीत, माणूस मागणंच सोडतो. आणि पाहुण्यांसमोर "हे कोण आलंय, सांगा बघू" अशी परीक्षा अजिबात नको. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी "ह्यांना आता काही कळत नाही" म्हणणंही नको. कळतं.

किती कळतं, हे मात्र मोजून घ्या, कारण सगळंच कळतं असंही धरून चालू नका. वाचाघातात लांबलचक, घाईचं, चार माणसांतलं बोलणं निसटतं. आणि त्यांचं 'हो' हे आत्ता उत्तर नसून तोंडी बसलेला शब्द आहे. करून बघा: "चहा हवाय?" हो. थोड्या वेळाने "चहा नकोय ना?" यालाही हो आलं, तर ते 'हो' जमेला धरू नका. त्याऐवजी अंगठा वर आणि अंगठा खाली शिकवा, किंवा एका कागदावर हिरवी बरोबरची खूण, दुसऱ्यावर लाल फुली. प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न सुलटा आणि उलटा, दोन्हीकडून विचारा. दोन्हीकडून एकच अर्थ निघाला तर ते त्यांचं मत.

ते एकटे बसून रडतात का, झोप उडालीय का, थेरपीत मन लागत नाही का, हेही बघा. झटक्यानंतर नैराश्य खूप जणांना येतं आणि त्यावर औषध असतं. 'असं झाल्यावर वाईट वाटणारच' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. तुमची झोप कशी आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हरिपाठाच्या वेळी मुलाला त्यांच्याबरोबर पाठवा आणि तो वेळ स्वतःला घ्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये जे एकवीस प्रकार धरलेत त्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, आणि त्यात वाचाघाताचा उल्लेख आहे. म्हणजे फक्त हाता-पायावरच नाही, बोलण्यावरही प्रमाणपत्र मिळू शकतं. लगेच धावू नका. अजून सुधारणा होते आहे. कधी अर्ज करायचा ते थेरपिस्ट आणि डॉक्टरांना विचारून ठरवा. आत्ताचे सगळे रिपोर्ट मात्र एका फाइलीत जपून ठेवा.

राहिले वाटणीचे कागद. त्यांना निर्णय घेता येत नाही असं मी म्हणत नाही. नीट वेळ घेऊन, चित्रं, नकाशा, सातबाऱ्याचा कागद पुढे ठेवून समजावलं तर कदाचित स्वच्छ घेताही येईल. पण दिरांनी ऐकलेलं 'हो' ही संमती नाही, आणि त्या 'हो'वर अंगठा उमटवू देऊ नका. भांडण न करता एवढंच म्हणा, "डॉक्टर आणि थेरपिस्टनी ह्यांना किती समजतंय ते लेखी दिलं की बसू." तो लेखी अहवाल दोघांकडूनही मागा. तरी घाई झालीच, तर पाटणच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रियांना आणि दिव्यांगांना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना कागदांची झेरॉक्स, आधार कार्ड आणि रुग्णालयाची फाइल बरोबर न्या.